ट्विंकल : सोळाव्या वर्षी वर, अठराव्या वर्षी निवृत्त

ब्रिटिश पॉपच्या इतिहासात ट्विंकलच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते : बीबीसीने जिचं गाणं वाजवायला नकार दिला, ती मुलगी. ओळ खोटी नाही. पण त्यापायी तिची खरी कर्तबगारी झाकली गेली. ती स्वतःची गाणी स्वतः लिहायची.

लिन रिप्ली हे तिचं खरं नाव. जन्म १९४८चा, सरे परगण्यातल्या सरबिटनचा. घर खाऊनपिऊन सुखी, वडील हुजूर पक्षाचे राजकारणी. शिक्षण लंडनच्या क्वीन्स गेट शाळेत. सध्याच्या राणी कॅमिलाही तिथल्याच. अशा घरातल्या मुलीने चौदाव्या वर्षी ‘टेरी’ लिहिलं. मुलामुलीचं भांडण होतं, तो तिरीमिरीत मोटरसायकल काढतो आणि अपघातात जातो. नोव्हेंबर १९६४मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीने ते बाजारात आणलं. ऑर्गन, बारातारी गिटार, मागे कोरस, सगळा थाट अंत्ययात्रेचा. आणि त्यावर एका शाळकरी मुलीचा सरळसोट आवाज. ती हुंदके देत नाही, म्हणूनच गाणं अंगावर येतं.

त्याच वर्षी क्लॅक्टन आणि ब्रायटनच्या किनाऱ्यांवर स्कूटरवाल्या मॉड आणि मोटरसायकलवाल्या रॉकर पोरांच्या मारामाऱ्या गाजल्या होत्या. मोटरसायकलवरचा तरुण म्हटलं की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यात हे मरणाचं गाणं! ते अभिरुचीला सोडून आहे, असं ठरलं आणि बीबीसीने ते वाजवलं नाही. तरीही रेकॉर्ड चौथ्या क्रमांकापर्यंत चढली.

आता तेव्हाच्या इतर गायिका पाहा. सँडी शॉचं पहिलं अव्वल गाणं अमेरिकन संगीतकार बर्ट बॅकरॅकचं, सिला ब्लॅकचंही तसंच. मरिअ‍ॅन फेथफुलला गाणं दिलं ते रोलिंग स्टोन्सच्या जॅगर-रिचर्ड्स जोडीने. मुलींनी गावं, लिहिणारे दुसरे, अशी रीतच होती. सोळा वर्षांच्या ट्विंकलने ती मोडली, पण याचं कौतुक करायला कोणाला सवड नव्हती.

१९६५च्या सुरुवातीचं ‘गोल्डन लाइट्स’ही तिचंच. प्रियकर प्रसिद्ध झाला आणि हातचा गेला, असा त्याचा विषय. द बॅचलर्स या लोकप्रिय गायनसमूहातल्या डेक क्लस्कीशी तेव्हा तिचं जमलं होतं, त्यामुळे हा अनुभव ऐकीव नव्हता. माझ्या मते हे ‘टेरी’हून सरस गाणं आहे : त्यात कोणी मरत नाही, तरी सगळं संपतं. ते २१व्या क्रमांकावर अडकलं. मग ‘टॉमी’ आणि ‘द एंड ऑफ द वर्ल्ड’ अशी अमेरिकेत आधीच गाऊन झालेली गाणी तिच्या गळ्यात मारली गेली. ती कुठल्याच यादीत आली नाहीत. लिहिणारीच्या हातून लेखणी काढून घेतल्यावर उरला एक साधासा आवाज, आणि तशा आवाजांना लंडनमध्ये तोटा नव्हता. अठराव्या वर्षी तिने आवरतं घेतलं. पुढे १९६९ आणि १९७४मधल्या तुरळक रेकॉर्डी आल्या नि गेल्या.

१९८६मध्ये द स्मिथ्स या बँडने आपल्या ‘आस्क’ या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘गोल्डन लाइट्स’ गायलं, सोबतीला गायिका कर्स्टी मॅकॉल. स्मिथ्सच्या चाहत्यांना ते फारसं रुचलं नाही. दोष गाण्याचा नव्हे : स्मिथ्सचा गायक मॉरिसी याच्या गळ्यातून ते लाडिक होतं, आणि मूळ गाण्याची खुमारी त्याच्या कोरडेपणात आहे. निवृत्तीनंतरही ट्विंकलचं लिहिणं मात्र थांबलं नव्हतं. तिचा एक जुना मित्र १९७४च्या विमान अपघातात गेला. त्याच्यावर तिने गाण्यांची अख्खी मालिका रचली. ती गाणी वर्षानुवर्षं पडून राहिली आणि शेवटी सीडीवर आली. २०१५मध्ये ती वारली, तेव्हा मृत्युलेखांचे मथळे पुन्हा ‘टेरी’चेच होते.