सैंधव आणि रक्तदाब

उच्च रक्तदाबाच्या रुग्णास मीठ कमी करावयास सांगितले की, “डॉक्टर, आम्ही केव्हाच सैंधवावर आलो आहोत,” असे उत्तर हल्ली हटकून मिळते. वैद्यबंधूंनी या उत्तरावर समाधान मानू नये.

सैंधव काय किंवा समुद्रलवण काय, दोहोंचा प्रधान घटक सोडियम क्लोराईडच. आणि त्यात वजनाने सुमारे 39 टक्के सोडियम असते. सैंधवातील लोह, मॅग्नेशियम इत्यादींचे अंश इतके अल्प की आहारदृष्ट्या त्यांना फारसे मोल नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाला 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, ही मर्यादा सैंधवासही लागू आहे. लोणची, पापड, फरसाण यांतील मीठही याच हिशेबात धरावयाचे. रुग्ण ते सोयीस्करपणे विसरतात.

चरकाचार्यांनी सैंधवास लवणांत श्रेष्ठ मानले, नित्यसेवनीय द्रव्यांतही गणले. परंतु त्याच संहितेच्या विमानस्थानात पिप्पली व क्षार यांच्या जोडीने लवणाचाही अतिवापर निषिद्ध ठरविला आहे. पहिले वचन सर्वांच्या मुखी, दुसरे मात्र विस्मरणात!

नैसर्गिक सैंधवात आयोडीन नगण्य असते. म्हणून गर्भिणीचे आयोडीनयुक्त मीठ बंद करविण्यापूर्वी तिला आयोडीन अन्य मार्गाने मिळते का, हे अवश्य पाहावे. न्यूनतेचा परिणाम गर्भाच्या मेंदूवर होतो.

‘लो सोडियम’ मिठात बहुधा काही भाग पोटॅशियम क्लोराईडचा असतो. वृक्कविकाराच्या रुग्णास ते सुचवू नये. रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते.