घाईने घडणारे सिरॅमिक कण

पाक सावकाश निवत गेला, की खडीसाखरेचे टपोरे खडे धरतात. तोच झटपट घोटला, तर बारीक रवा पडतो. सिरॅमिकचे नॅनोकण घडवतानाही ही घाईच कामी येते, आणि ती साधते पाण्याच्या एका वेगळ्याच रूपामुळे.

पाण्याचं तापमान ३७४ अंश सेल्सियसच्या वर आणि दाब हवेच्या २१८ पटींहून जास्त नेला, की पाणी ना धड द्रव राहतं, ना धड वाफ. हे ‘सुपरक्रिटिकल’ पाणी. क्षार विरघळवण्याची त्याची ताकद एकाएकी ओसरते.

जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या तादाफुमी आजिरी आणि कुनिओ आराई यांनी १९९२ मध्ये नेमका हाच गुण वापरला. धातूच्या क्षाराचं थंड द्रावण नळीत या पाण्याला भेटतं. क्षाराचं ऑक्साइड, म्हणजेच सिरॅमिक, होतं, पण ते विरघळून राहू शकत नाही. असंख्य कण एकदम जन्मतात. लगेच प्रवाह थंड केला, की कणांना वाढायला वेळच मिळत नाही.

सिरियम ऑक्साइडचे नॅनोकणही असेच बनवता येतात.