विश्लेषण : लहान मुलांसाठी नवे चित्रपुस्तक घेताना नेमके काय तपासायचे?

चकचकीत मुखपृष्ठ, ‘संस्कारक्षम’ असा शिक्का आणि मागे छापलेले तात्पर्य म्हणजे चांगले पुस्तक नव्हे. मग चित्रपुस्तकाचा दर्जा ठरतो कशावरून? पुरस्कार देणाऱ्या समित्या आणि संशोधक काय पाहतात आणि पालकांना दुकानातच काय तपासता येते?

पुस्तक प्रदर्शनातल्या बालविभागात तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक घ्यायला आलेले पालक बहुधा तीन गोष्टी पाहतात : किंमत, मुखपृष्ठ आणि गोष्टीतून मिळणारा धडा. पुस्तक घरी येते, एकदा वाचले जाते आणि कपाटात जाते. दोन-तीन वेळा असे झाले की ‘आमच्याकडे पुस्तकाची आवडच नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि मुलाच्या हातात मोबाइल येतो. दोष अनेकदा मुलाच्या आवडीत नसतो, पुस्तकात असतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच तान्हेपणापासून मुलांना पुस्तक वाचून दाखवण्याची शिफारस केली. म्हणजे वाचता येण्याच्या कितीतरी आधी पुस्तकाशी गाठ पडते आणि ही पहिली पुस्तके मूल स्वतः निवडत नाही. ती मोठी माणसे निवडतात.

चित्रपुस्तक आणि सचित्र पुस्तक यांत फरक काय?

सचित्र पुस्तकात गोष्ट शब्दांत पूर्ण असते, चित्रे सजावटीला असतात. चित्रे काढून टाकली तरी गोष्ट कळते. चित्रपुस्तकात तसे होत नाही. तिथे अर्धी गोष्ट चित्र सांगते.

याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे ब्रिटिश लेखिका-चित्रकार पॅट हचिन्स यांचे १९६८ चे ‘रोझीज वॉक’. या संपूर्ण पुस्तकात फक्त ३२ शब्द आहेत. शब्द सांगतात एवढेच, की एक कोंबडी आवारात फेरफटका मारून जेवणाच्या वेळेला घरी आली. चित्रात मात्र तिच्या मागावर एक कोल्हा आहे आणि प्रत्येक वेळी त्याची फजिती होते. कोल्ह्याचा शब्दांत एकदाही उल्लेख नाही. वाचून दाखवणाऱ्याला जे ‘माहीत नाही’, ते ऐकणाऱ्या मुलाला दिसत असते. अक्षर न येणारे मूल इथे वाचणाऱ्याच्या एक पाऊल पुढे असते. मूल तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागते, त्याचे हे एक मोठे कारण.

म्हणून नव्या पुस्तकाची पहिली चाचणी सोपी आहे : मजकूर हाताने झाका आणि फक्त चित्रे पाहा. त्यानंतर चित्रे झाकून फक्त मजकूर वाचा. दोन्ही वेळा अगदी तेवढीच माहिती मिळत असेल, तर चित्रकाराला काही सांगायला जागाच दिलेली नाही असे समजावे.

पुरस्कार देणाऱ्या समित्या काय पाहतात?

अमेरिकेतील कॅल्डेकॉट पदक १९३८ पासून चित्रपुस्तकांना दिले जाते. त्याचे निकष जाहीर आहेत : चित्रतंत्रावरील हुकमत, चित्रांतून कथा आणि कल्पना किती उलगडते, चित्रशैली विषयाला शोभते का, पात्रे, स्थळ आणि मनःस्थिती चित्रांतून उभी राहते का आणि वाचक लहान मूल आहे याची जाण पुस्तकात आहे का. पुस्तक बोधप्रद आहे किंवा लोकप्रिय आहे, एवढ्यावर हे पदक मिळत नाही, असेही नियमांत स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे पुस्तक निवडताना नेमक्या याच दोन गोष्टी सर्वात आधी पाहिल्या जातात.

भारतात टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमातर्फे ‘बिग लिटल बुक अवॉर्ड’ दिला जातो. २०१६ मध्ये लेखनासाठी तो मराठीतील माधुरी पुरंदरे यांना मिळाला. ‘पराग’ २०२० पासून निवडक हिंदी आणि इंग्रजी बालपुस्तकांची वार्षिक यादीही काढते. खरेदीपूर्वी अशा याद्या चाळणे उपयोगी ठरते. मात्र दरवर्षी येणाऱ्या नव्या मराठी पुस्तकांपैकी बहुतेकांबाबत पालकांना आणि शाळांना स्वतःच निर्णय घ्यावा लागतो.

चित्रांत नेमके काय तपासावे?

पहिली गोष्ट म्हणजे सातत्य. पहिल्या पानावर दोन वेण्या असलेल्या मुलीच्या चौथ्या पानावरही दोनच वेण्या आहेत का? खिडकी डावीकडची उजवीकडे गेली का? मोठ्यांच्या नजरेतून हे निसटते, मुलांच्या नाही.

दुसरी गोष्ट, पान उलटण्याचा उपयोग. चांगल्या पुस्तकात उजव्या पानाच्या शेवटी ‘आता काय होणार?’ असा प्रश्न तयार होतो आणि पान उलटल्यावर त्याचे उत्तर मिळते. मॉरिस सेंडॅक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) या पुस्तकात मुलाची कल्पना जशी रंगत जाते तशी चित्रे पानावर मोठी होत जातात. ऐन भरात सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. पुढे चित्रे पुन्हा आकसतात आणि मुलगा घरी परततो. या पुस्तकाला १९६४ चे कॅल्डेकॉट पदक मिळाले.

तिसरी गोष्ट, गर्दी. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. जोडपानावर एका वेळी एकच चित्र असलेले पुस्तक ऐकणाऱ्या मुलांनी, दोन्ही पानांवर चित्रे असलेले पुस्तक ऐकणाऱ्या मुलांच्या दुप्पट नवे शब्द शिकले. कारण साधे आहे. वाचता न येणाऱ्या मुलाला आत्ता कोणत्या चित्राबद्दल बोलणे चालू आहे हे कळत नाही. वाचण्याआधी योग्य चित्राकडे हात दाखवला की ही अडचण बरीच कमी होते, असेही त्याच संशोधनात दिसले.

एआयने केलेली पुस्तके ओळखता येतात का?

ऑनलाइन विक्रीत हा नवा प्रश्न आहे. अ‍ॅमेझॉनच्या स्वयंप्रकाशन सेवेने सप्टेंबर २०२३ मध्ये पुस्तकातील मजकूर किंवा चित्रे एआयने तयार केली असतील तर ते सेवेला कळवण्याचा नियम केला आणि एका दिवसात तीनपेक्षा जास्त नवी पुस्तके टाकण्यावर मर्यादा आणली. खरेदीदाराने मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर चित्रकाराचे नाव आहे का, हे आधी पाहावे. नाव नसेल तर आतली पाने नीट तपासावीत. बोटांची संख्या चुकलेली, पानागणिक चेहरा बदलणारे पात्र, पाटीवर वाचता न येणारी अक्षरे, सगळीकडे सारखीच चकाकी ही सावध होण्याची लक्षणे आहेत. चित्र कोणत्या साधनाने काढले यापेक्षा ते गोष्ट सांगते का, हा प्रश्न इथेही महत्त्वाचा.

मराठी मजकुराची परीक्षा कशी घ्यावी?

एकच उपाय : मोठ्याने वाचा. चित्रपुस्तक कानाने ऐकायचे असते. जीभ अडखळली, वाक्य मध्येच दम काढू लागले, की तिथे काहीतरी चुकले आहे.

अनुवादित पुस्तकांत हे जास्त जाणवते. ‘माझे नाव मिनी आहे आणि मी एक चिमणी आहे’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण मराठी मूल ‘मी मिनी. मी चिमणी’ असे म्हणेल. नात्यातली संबोधनेही पाहावीत. मराठी घरात मूल आईला ‘तू’ म्हणते आणि आजोबांना बहुधा ‘तुम्ही’. हिंदीवरून आलेल्या पुस्तकात चिमणीचे पिल्लू आईला ‘आपण कुठे गेला होता?’ असे विचारू लागले, तर ऐकणाऱ्या मुलाला ते परके वाटते. मजकुरात ‘भाकरी’ आणि चित्रात पावाचे काप, अशी विसंगतीही अनुवादात राहून जाते.

छपाईकडेही लक्ष हवे. अक्षर मोठे आणि ठसठशीत असावे. गडद चित्रावर काळा मजकूर छापलेला नसावा. ओळीच्या शेवटी शब्द तोडलेला नसावा. फाँट बदलताना जोडाक्षरे फुटली आहेत का, ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ छापले आहे का, हे पाहावे. दऱ्या डोंगरात असतात आणि दर्या म्हणजे समुद्र. नुकतेच वाचू लागलेल्या मुलाचा अशा ठिकाणी गोंधळ होतो.

मजकूर किती असावा याला पक्का नियम नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या मुक्त ग्रंथालयात पहिल्या पातळीच्या पुस्तकात साधारण २५० पर्यंत, दुसऱ्या पातळीत २५० ते ६०० आणि तिसरीत ६०० ते १५०० शब्द असतात. हा अंदाज कोणत्याही पुस्तकाला लावून पाहता येतो.

तात्पर्य नसेल तर पुस्तकाचा उपयोग काय?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात विचारला जातो. पण शेवटच्या पानावर ‘म्हणून नेहमी खरे बोलावे’ असे लिहिले की बोलणे तिथेच संपते. ‘ती खोटं का बोलली असेल?’ असा प्रश्न उरला तर बोलणे सुरू होते. या बोलण्याचा फायदा मोजला गेला आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत केलेल्या अभ्यासात, दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांना पुस्तक वाचताना मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात भर घालायला शिकवले. महिनाभरातच त्या मुलांची बोलण्यातील प्रगती इतरांपेक्षा पुढे गेली. म्हणून पुस्तक चाळताना पाहावे, की यात मुलाला विचारण्यासारखे काही उरते का.

पुस्तकात कोणाचे घर दिसते?

अमेरिकी अभ्यासक रुडिन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये बालपुस्तकांना आरसा आणि खिडकी अशी उपमा दिली. आरशात मुलाला स्वतःचे जग दिसते, खिडकीतून दुसऱ्याचे. मुलाला दोन्ही हवे. घरातल्या पुस्तकांत प्रत्येक मुलगी गोरी, प्रत्येक घर बंगला, आई फक्त स्वयंपाकघरात आणि बाबा फक्त वर्तमानपत्रामागे असतील, तर चाळीत, पाड्यावर किंवा वस्तीत राहणाऱ्या मुलाला आरसा मिळत नाही आणि इतरांना खिडकी. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ ही पुस्तके मराठीत टिकून आहेत, त्यामागे घरातले रोजचे, ओळखीचे प्रसंग हे एक कारण आहे. त्यांतील लेखन आणि चित्रे दोन्ही त्यांचीच आहेत.

माहितीपर आणि खेळण्यासारख्या पुस्तकांचे काय?

इथे निकष थोडे बदलतात. टोरांटो विद्यापीठातील पॅट्रिशिया गानेआ आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात, अनोळखी प्राण्यांबद्दल माणसासारखे बोलणारी-वागणारी वर्णने ऐकलेल्या मुलांना त्या प्राण्यांविषयीची खरी माहिती कमी समजली. गोष्टीत ससा शर्ट घालून शाळेत गेला तर बिघडत नाही, पण प्राण्यांची माहिती देणाऱ्या पुस्तकात वास्तव चित्र आणि साधी भाषा बरी. अक्षरओळखीच्या पुस्तकातही ओढायच्या पट्ट्या आणि उघडायच्या खिडक्या जास्त असल्या की लक्ष अक्षरावरून खेळाकडे जाते, असे प्रयोगांत दिसले आहे. अगदी लहानांसाठी जाड पुठ्ठ्याची पाने, गोल कोपरे आणि पिना नसलेली बांधणी हवी, कारण या वयात पुस्तक आधी तोंडात जाते.

मग मोबाइलवरचे पुस्तक चालेल का?

मिशिगन विद्यापीठातील टिफनी मुन्झर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये पालक आणि लहान मुलांच्या ३७ जोड्यांना छापील आणि टॅबलेटवरील पुस्तके वाचायला दिली. छापील पुस्तक वाचताना पालक आणि मुले एकमेकांशी जास्त बोलली. त्यामुळे छोट्यांसाठी कागदच बरा. मोबाइलचा उपयोग पालकांनी करावा. ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी पुस्तके मोफत वाचता येतात. तिथे आधी वाचून, मुलाला काय आवडते ते पाहून मग खरेदी केल्यास पैसे वाया जात नाहीत.

दुकानात पाच मिनिटांत काय करावे?

१. मजकूर झाकून फक्त चित्रे पाहा. गोष्ट पुढे सरकते का?

२. मधले कोणतेही पान मोठ्याने वाचा. भाषा घरात बोलल्यासारखी वाटते का?

३. लेखक, चित्रकार आणि अनुवाद असेल तर अनुवादक, तिघांची नावे आहेत का?

४. शेवटच्या पानावर उपदेश आहे की गोष्ट आहे?

५. शक्य असेल तर पुस्तक मुलाच्या हातात द्या आणि गप्प राहा. ते कोणत्या पानावर थांबते, कुठे बोट ठेवते, काय विचारते, ते पाहा.

पाचवी चाचणी बाकी चारही निकाल फिरवू शकते. मोठ्यांना साधे वाटलेले पुस्तक मूल सलग दहा दिवस मागते आणि पुरस्कारप्राप्त पुस्तक बाजूला सारते, असेही होते. अशा वेळी मागितलेले पुस्तक अकराव्या दिवशीही वाचून दाखवावे.