समासातलं आयुष्य

माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. स्नानसंस्काराचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा, दाखला हवा होता म्हणून दादा तिला आणि मला घेऊन चर्चच्या कार्यालयात गेला. दाखला त्याच्याकडे होताच. भाची तान्ही असतानाच लॅमिनेट करून त्याने तो कपाटात जपून ठेवला होता. फादरांनी तो पाहिला आणि परत दिला. "हा चालायचा नाही. सहा महिन्यांच्या आत काढलेला हवा."

दादा वैतागला. "फादर, सव्वीस वर्षांत हिची जन्मतारीख बदलली का?"

फादर उठले. कपाटातून जाड पुठ्ठ्याची नोंदवही काढून त्यांनी टेबलावर उघडली. "तारीख बदलत नाही, ही बाजू बदलते," असं म्हणून पानाच्या कडेच्या रुंद समासावर त्यांनी बोट ठेवलं.

त्या दिवशी मी तो समास पहिल्यांदा नीट पाहिला. तेव्हापासून आजवर मला त्याचा कंटाळा आलेला नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दर गुरुवारी याच कार्यालयात नोंदी उतरवायला बसते. दिवाळी अंकासाठी 'ख्रिस्ती समाजातले संस्कार' या विषयावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा सगळ्यात आधी डोळ्यांपुढे आला तो समासच.

थोडी पार्श्वभूमी. १५३४ साली आमची वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या गावागावांतून ख्रिस्ती वस्ती आणि चर्चेस उभी राहिली आणि सत्ता बदलल्यावरही टिकली. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर हौतात्म्य पत्करलेले संत गोन्सालो गार्सिया याच मातीतले. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९९८ साली. कॅथलिक चर्च सात संस्कार मानतं : स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. त्यांपैकी स्नानसंस्कार, दृढीकरण आणि गुरुदीक्षा हे तीन आयुष्यात एकदाच होतात. ते पुन्हा देता येत नाहीत. एवढं सांगून मी पुन्हा वहीकडे वळते.

स्नानसंस्काराच्या नोंदीत बाळाचं नाव, जन्माचा आणि संस्काराचा दिवस, आईवडील, राहण्याचं ठिकाण, धर्मपिता, धर्ममाता आणि शेवटी धर्मगुरूंची सही असते. एका माणसाला एक आडवी ओळ. त्या ओळीच्या कडेला समास कोरा सोडलेला असतो आणि पुढचं आयुष्य तिथे लिहिलं जातं. दृढीकरण कधी आणि कुठे झालं, लग्न कोणत्या चर्चमध्ये आणि कोणाशी झालं, मुलगा धर्मगुरू झाला तर दीक्षेचा दिवस, मुलगी धर्मभगिनी झाली तर तिच्या आजन्म व्रताचा दिवस. विवाह धर्मन्यायालयाने रद्दबातल ठरवला तर तेही. माणूस जगात कुठेही जावो, ही माहिती जिथे त्याचा स्नानसंस्कार झाला त्या चर्चकडे परत येते. लग्न लावणाऱ्या चर्चने ती कळवायचीच असते.

विवाहाची नोंद अशी मूळ पानावर नेण्याचा नियम १९०७च्या 'ने तेमेरे' या हुकुमाने घातला आणि १९०८च्या ईस्टरपासून तो लागू झाला. आजच्या कॅनन कायद्यातही, म्हणजे १९८३च्या संहितेतही, तो कायम आहे. म्हणूनच जुना दाखला चालत नाही. जुना दाखला माणूस कधी जन्मला ते सांगतो. तो आजच्या घडीला विवाहबंधनात आहे की नाही, हे ताजा दाखलाच सांगू शकतो. दादाला हे पटलं, आणि घरी गेल्यावर वहिनीला त्यानेच ते समजावून सांगितलं.

गुरुवारी टपाल फोडताना माझं मन भरून येतं. कुवेतहून, ऑस्ट्रेलियाहून, कॅनडाहून छापील सूचना येतात : तुमच्याकडे अमुक साली स्नानसंस्कार झालेल्या अमुक व्यक्तीचा विवाह आमच्याकडे अमुक दिवशी झाला, कृपया नोंद घ्यावी. मी वही शोधते, पान उलटते. तीस वर्षांपूर्वी कोणीतरी निळ्या शाईत लिहिलेली ओळ सापडते. मुलगा गाव सोडून गेलेला असतो, आईवडील कधीकधी हयातही नसतात, घराला कुलूप असतं. तरी त्याच्या लग्नाची बातमी गावात येते आणि आपल्या जागी बसते. आमच्याकडे आडनावं मोजकी आणि नावं त्याहून मोजकी. एकाच वर्षात तीन मारिया परेरा निघतात. मग वडिलांचं नाव, आळी आणि धर्ममातेचं नाव ताडून पाहायचं. चुकीच्या मारियाच्या नावावर लग्न चढलं तर खऱ्या मारियाची अडचण होते आणि दुसरीचीही. म्हणून मी प्रत्येक नोंद दोनदा वाचते आणि मगच लेखणी टेकवते.

या वह्यांचा इतिहास रंजक आहे. युरोपात सोळाव्या शतकापर्यंत चोरून लग्नं होत. दोघांनी खासगीत एकमेकांना वचन दिलं की लग्न लागलं. पुढे पुरुषाने ते नाकारलं की स्त्रीच्या हाती पुरावा नसे. म्हणून ११ नोव्हेंबर १५६३ रोजी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवलं की लग्न धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदारांसमोर व्हावं, आधी तीन सणवारी चर्चमध्ये त्याची जाहीर घोषणा व्हावी आणि धर्मगुरूने नोंदवही ठेवावी. १६१४च्या रोमन विधिग्रंथाने पाच वह्या सांगितल्या : स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू, आणि पाचवी वही 'आत्म्यांच्या स्थिती'ची. या पाचव्या वहीत घरोघरची माणसं, त्यांची वयं आणि त्यांना मिळालेले संस्कार लिहिले जात. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थबकलेच. शाळेत मी तीस वर्षं हजेरीपट भरला. कोण आलं, कोण नाही, एवढंच त्यात असतं. इथे तर धर्मगुरूने उंबरठा ओलांडून कोण कसं आहे याची विचारपूस करायची होती.

लग्नाच्या घोषणांबद्दल मला विशेष आपुलकी आहे. रविवारच्या उपासनेत, म्हणजे मिस्सात, वाचलं जातं की अमक्याचा मुलगा आणि तमक्याची मुलगी विवाहबद्ध होणार आहेत, कोणाला अडचण ठाऊक असेल तर धर्मगुरूंना कळवावी. आज पुष्कळांना हा उपचार वाटतो. माझी आजी मात्र घोषणा सुरू झाली की लुगड्याचा पदर सावरून ताठ बसायची. "ऐकलं म्हणजे आपणही जबाबदार झालो," असं ती म्हणायची. तिचं म्हणणं मला आता पूर्ण कळतं. लग्न दोन घरांचं असलं तरी त्याची राखण सगळ्या गावाने करायची, हाच त्या घोषणेचा अर्थ. संसारात पुढे काही बिनसलं तर ऐकलेल्या माणसांनी तोंड फिरवायचं नसतं.

साक्षीची ही रीत लग्नापुरती नाही. बाळाला धर्मपिता आणि धर्ममाता लागतात, आणि आईवडिलांना स्वतःच्या मुलाचे धर्ममातापिता होता येत नाही. म्हणजे जन्माच्या पहिल्याच टप्प्यावर चर्च सांगतं की हे मूल केवळ तुमचं नाही. जुन्या काळी हे नातं इतकं सख्खं मानत की धर्मपिता आणि धर्मकन्या यांचा विवाह निषिद्ध होता. १९१७च्या कॅनन संहितेतही हा निषेध होता, १९८३च्या संहितेत तो उरला नाही.

इथे थोडं विषयांतर करते, कारण ही गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. जिवाला धोका असेल तर स्नानसंस्कार कोणीही देऊ शकतं. धर्मगुरूच हवा असं नाही, देणारी व्यक्ती ख्रिस्ती असायलाही हवी असं नाही. पाणी हवं, पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव हवं, आणि चर्च जे करतं तेच करण्याचा हेतू हवा. आमच्या आळीतल्या एक मावशी आयुष्यभर प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या तीन बाळांना, आईवडिलांच्या इच्छेवरून, त्यांनी मध्यरात्री स्टीलच्या वाटीतल्या पाण्याने स्नानसंस्कार दिला. दोन गेली, एक जगलं. जगलेल्या बाळाला नंतर चर्चमध्ये आणून तेलाचा विलेपनविधी झाला, मेणबत्ती दिली गेली. पाणी मात्र पुन्हा ओतलं नाही, कारण वाटीतलं पाणी पुरेसं होतं. वहीत संस्कार देणाऱ्याच्या रकान्यात त्या मावशींचं नाव आहे. धर्मगुरूंच्या सह्यांच्या रांगेत एका परिचारिकेचं नाव. तो मुलगा आज भाजीचा टेम्पो चालवतो. मावशी गेल्या तेव्हा त्यांच्या शवपेटीचा पुढचा कोपरा त्याच्या खांद्यावर होता.

त्या मेणबत्तीविषयीही सांगायला हवं. स्नानसंस्काराच्या वेळी बाळासाठी जी मेणबत्ती पेटवतात, तिची ज्योत पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून घेतात. ही मोठी मेणबत्ती ईस्टरच्या रात्री नव्याने पेटवली जाते. अंत्यविधीला शवपेटीजवळ उभी असते ती हीच पास्काची मेणबत्ती. पेटीवर पवित्र पाणी शिंपडतात तेही स्नानसंस्काराची आठवण म्हणून. बाळाला घातलेलं पांढरं वस्त्र आणि पेटीवर अंथरलेलं पांढरं वस्त्र यांचाही अर्थ एकच. माझ्या आईच्या अंत्यविधीला मी त्या मेणबत्तीकडे पाहत राहिले. पंधराच दिवसांपूर्वी शेजारच्या बाळाचा स्नानसंस्कार झाला होता आणि त्याची ज्योत याच मेणबत्तीवरून घेतलेली मी पाहिली होती.

आमच्या वसईत साक्षीला माणसं आपसूक मिळतात, म्हणून त्याचं मोल चटकन कळत नाही. ते मला कळलं नगरला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तिथे ठाणं उघडलं आणि १८४२ साली 'ज्ञानोदय' तिथूनच सुरू झाला. नारायण वामन टिळकांच्या जीवनाने ओढले जाऊन मी तिकडे गेले होते. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आमच्याकडे ज्या दिवशी बँड वाजतो, त्या दिवसाने टिळकांचं घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षं वेगळे राहिले, मग पुन्हा एकत्र आले आणि लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या मराठी माणसाला ही कहाणी सांगायला नको. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. सोबत होती ती लहानगी मनोरमा. बाबा पदमनजींनी १८५४ साली घेतला तोही आप्तांचा रोष पत्करून. या माणसांच्या मैलाच्या दगडाजवळ रक्ताचं माणूस क्वचितच उभं होतं. तिथे मंडळी उभी राहिली. प्रॉटेस्टंट बंधुभगिनी चर्चच्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात. मराठीत घरच्या माणसांनाही आपण तेच म्हणतो, हे माझ्या लक्षात तिथेच आलं.

नगरला मी रविवारच्या उपासनेला बसले होते. घोषणांच्या वेळी त्या आठवड्यात वाढदिवस असलेले आणि लग्नाचा वाढदिवस असलेले लोक पुढे आले. त्यांच्यासाठी प्रार्थना झाली, त्यांनी उपकारस्तुतीचं पाकीट दिलं. सत्तरीचं एक जोडपं उभं होतं, त्यांच्या शेजारी पाच वर्षांचा मुलगा. कोणाचं नातं कोणाशी, हे परक्याला सांगता आलं नसतं. आमच्याकडे हेच काम मिस्साच्या हेतूंची वही करते. मिस्सापूर्वी वाचून दाखवतात : अमक्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून, तमकीच्या शस्त्रक्रियेसाठी, कोणाच्या महिन्याच्या स्मरणार्थ. आनंद आणि दुःख एकाच दमात वाचलं जातं, आणि शेजारच्या बाकावरचा माणूस आज का गप्प आहे हे कळतं. दोन नोव्हेंबरला, बहुधा दिवाळीच्या आगेमागेच, सर्व मृतांच्या स्मरणदिनी दफनभूमीत मेणबत्त्या लागतात. ज्यांचं कोणी उरलं नाही त्यांच्या थडग्यावरही कोणीतरी एक लावून जातं. शाळेत असल्यापासून मी हे पाहत आले आहे.

हल्ली काही ठिकाणी नोंदी संगणकावर घेतात. शोधायला सोपं जातं आणि मी त्याच्या बाजूने आहे. तरीही कागदी वही राहावी असं माझं ठाम मत आहे, कारण संगणकावरच्या रकान्याची कोरी जागा डोळ्यांत भरत नाही. कागदावरचा कोरा समास दिसतो, आणि हे माणूस आता कुठे असेल, असा प्रश्न मनात येतो.

माझ्या नावासमोरच्या समासात एकच ओळ आहे, दृढीकरणाची. मी लग्न केलं नाही, व्रतही घेतलं नाही. पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा मन जरा कातर झालं होतं. मग गुरुवारमागून गुरुवार वह्या चाळताना माझं नाव दुसऱ्यांच्या ओळींत भेटू लागलं. धर्ममाता, धर्ममाता, धर्ममाता. अकरा मुलांच्या नोंदींत मी आहे. त्यांतल्या चौघांचे समास लग्नाच्या नोंदींनी भरले, एकाच्या समासात गुरुदीक्षेची तारीख आहे, आणि ती माझ्याच अक्षरात आहे.

अकरावी नोंद भाचीच्या मुलाची. गेल्या पावसाळ्यात त्याचा स्नानसंस्कार झाला. पुढच्या गुरुवारी मी त्याची ओळ लिहिली, फादरांनी सही केली. शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवायची असते, म्हणून मी बसून राहिले. त्याचा समास बोटांनी मोजून पाहिला. चार बोटं रुंद होता, सगळा कोरा.