शरदाचं कौतुक करा की राव!

आश्विन-कार्तिक म्हणजे आपला शरद. आपण मात्र 'ऑक्टोबर हीट' म्हणून त्याच्या नावानं बोटं मोडतो. परदेशातल्या 'ऑटम'सारखी पानगळ आपल्या शरदात नसते, ती इथे शिशिरातली; पण शरदाचा थाट वेगळाच. पावसानं हवेतली धूळ धुऊन काढलेली, म्हणून आकाश निरभ्र आणि कोजागरीला चांदणं टिपूर. पहाटे गवतावर दहिवर.

सह्याद्रीत सोनकी फुलते, तेव्हा उतारच्या उतार पिवळेधमक. एक फूल जवळून बघा. ते एक नसतंच! मधल्या चकतीत इवल्या फुलांची दाटी असते, कडेची प्रत्येक 'पाकळी'ही स्वतंत्र फूल. अशी फुलं बघायला कासच्या पठारावर जायचं तर सप्टेंबरातच जा. ऑक्टोबर सरता सरता बहर ओसरतो. आणि कृपा करून फुलांत बसून फोटो नकोत.