दातांची खूण लहान, जखम मोठी

कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेली शेळी उभी असेल, रक्त थांबलेले असेल आणि चार पाने तोंडात घेत असेल, तर थोडक्यात निभावले असे समजून तिला दावणीला बांधले जाते. दोन-तीन दिवसांनी ती मलूल होऊन बसते, उठत नाही, आणि मग ‘भेदरून मेली’ असे म्हटले जाते. भीतीचा धक्का खरा असतो. पण अशा बहुतेक मृत्यूंचे मूळ पहिल्या दिवशी न दिसलेल्या जखमेत असते. कुत्रा सुळे रोवतो आणि मान झटकतो. शेळीची कातडी सैल, त्यामुळे ती दातांबरोबर सरकते आणि वर दोन-चार बारीक भोकेच राहतात. आत मात्र कातडी मांसापासून सुटते, स्नायू चिरडतात, बारीक रक्तवाहिन्या तुटतात. रक्त न पोचलेला भाग काही दिवसांनी काळा पडून गळू लागतो. चावा गळ्यावर असेल तर श्वासनलिकेला भोक पडून हवा कातडीखाली शिरते. तिथे बोट दाबले की कुरकुर जाणवते. त्यात शेळी हा शिकार होणारा प्राणी; दुखणे लपवणे तिच्या स्वभावातच आहे. म्हणून ती उभी आहे, खाते आहे, या पुराव्यावर विसंबता येत नाही.

मग विसंबायचे कशावर? हिरड्या आणि पापणीच्या आतली बाजू पाहावी. ती गुलाबी न राहता पांढुरकी झाली असेल, कान-पाय गार लागत असतील, तर शेळी शॉकमध्ये जात आहे. तिचे नेहमीचे तापमान सुमारे १०१.५ ते १०३.५ फॅरेनहाइट असते. ते १०० च्या खाली गेले तर वाट पाहायला वेळ उरलेला नसतो, आणि पुढच्या दिवसांत १०४ च्या वर गेले तर जखम आत चिघळत असण्याची दाट शक्यता असते. अशा शेळीला ताकद यावी म्हणून बाटलीने दूध, तेल, गुळाचे पाणी पाजणे धोक्याचे आहे, कारण अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या घशातून ते फुप्फुसात उतरते. तिला पोत्याने झाकून ऊब द्यावी आणि दोन्ही बाजूंना गवताच्या पेंढ्या लावून छातीवर बसवावी. आडवी पडलेली शेळी ढेकर देऊ शकत नाही. वायू कोंडून पोट फुगते आणि त्यानेही ती दगावते. एखादी सोबतीण शेळी नजरेसमोर असेल तर ती लवकर शांत होते.

जखमेवर हळद दाबून भरणे आणि ‘दोन टाके घाला’ असा आग्रह धरणे, या दोन्हींत चूक एकच. धनुर्वाताचे जंतू हवा नसलेल्या खोल जागेत वाढतात, आणि शेळ्यांना धनुर्वात सहज होतो. दातांनी घाण आत नेलेली असते. वरून तोंड बंद केले की या जंतूंना हवी तशी जागा मिळते. हळदीने जखमा बऱ्या होतात हा अनुभव खोटा नाही, पण तो वरच्या खरचटण्याचा आहे. खोल भोकाभोवतीचे केस कापावेत, भरपूर वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावे, आणि जखम शक्यतो उघडी ठेवून निचरा होऊ द्यावा. मोठी फाटलेली कातडी किंवा उघडे पडलेले पोट यांची गोष्ट वेगळी. तिथे काय शिवायचे ते डॉक्टर ठरवतील. प्रतिजैविक आणि धनुर्वाताचे इंजेक्शनही त्यांनीच द्यायचे. वेदनेसाठी घरातली माणसांची गोळी देऊ नये. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर तर २००६ पासून बंदी आहे, कारण उपचार झालेले जनावर मेल्यावर ते खाणारी गिधाडे त्याने मरतात. गिधाडांना सुरक्षित असे मेलॉक्सिकॅम पशुवैद्य देऊ शकतात.

रेबीजबाबतचा गैरसमज सर्वांत घातक. चुना-मिरची लावून आमच्या कितीतरी शेळ्या वाचल्या, असे सांगणारे खोटे बोलत नसतात. पण प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या प्रत्येक चाव्यातून रोग लागतोच असे नाही. त्या शेळ्या मिरचीशिवायही वाचल्या असत्या. रेबीजच्या विषाणूवर मेदाचे आवरण असते आणि साबण ते विरघळवतो, म्हणून १५ मिनिटे धुण्याला खरी किंमत आहे. चुना आणि मिरची मांस मात्र आणखी जाळतात. चाव्यानंतर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी लस देण्याची पद्धत आहे. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र उपाय नाही.

डॉक्टर लांब, आणि खर्च शेळीच्या किमतीला भिडतो, ही अडचण खरी आहे. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची चौकशी करता येते. पथक येईपर्यंतचे धुणे, ऊब आणि बसवणे याला फारसा पैसा लागत नाही. शिवाय हा हिशेब शेळीपुरता नाही. जखम धुताना कुत्र्याची लाळ माणसाच्या हातावरच्या चिरेत जाऊ शकते, म्हणून हातमोजे घालावेत. लाळ चिरेला लागली असेल तर हात साबणाने धुवून त्याच दिवशी स्वतः दवाखान्यात जावे. पुढच्या काही आठवड्यांत शेळीचा आवाज बदलला, लाळ गळू लागली किंवा मागचे पाय लुळे पडले, तर घशात काही अडकले असेल म्हणून तिच्या तोंडात हात घालू नये. तिला वेगळी बांधावी, दूध वापरणे थांबवावे आणि पशुवैद्यांना लगेच कळवावे.