नेम टोकाचा, कारभार बुडाचा

कोंबड्यांच्या खाद्यासाठी ओली हाडं किसणारी यंत्रं विकून पैसा करायचा आणि रायफलच्या गोळ्या भरकटतात का, हे शोधण्यात तो उडवायचा, असा एक अवलिया अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, मिलफर्ड गावी होऊन गेला. डॉ. फ्रँकलिन मॅन. पदवी वैद्यकाची, पोटापाण्याचा धंदा यंत्रांचा आणि वेड रायफलचं. एकाच नळीतून, एकाच टेकूवरून, अगदी सारख्या भरलेल्या दोन काडतुसांच्या गोळ्या एकाच भोकात का जात नाहीत, हा प्रश्न त्यांनी कित्येक दशकं धरून ठेवला.

माणसाच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी काँक्रीटचा भक्कम चौथरा बांधला आणि त्यावर रायफलची नळीच जखडून टाकली. गोळीच्या वाटेत ओळीने पातळ कागद उभे केले. भोक गोल पडलं तर गोळी सरळ चालली आहे, लांबट पडलं तर डुलते आहे. मग त्यांनी गोळ्या मुद्दाम बिघडवायला सुरुवात केली. टोक ठेचलं, तर निशाण्यावर अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी फरक पडला. बूड तिरकं कापलं, की गोळी हमखास बाजूला गेली. कारण साधं आहे. गोळी नळीच्या तोंडातून सुटते त्या क्षणी मागचा कोंडलेला वायू तिच्या बुडाच्या कडेवरून उसळतो. कड सगळीकडे सारखी असेल तर धक्का सारखा. एका बाजूला जरी कंगणी कमी-जास्त असली, तरी गोळीला निघतानाच ढुशी बसते. १९०९ साली ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ या पुस्तकात मॅन यांनी हे सगळं छापलं. आज शंभर वर्षांनंतरही बाजारातली चकचकीत टोकाची गोळी पाहून हरखणाऱ्या हौशी मंडळींनी ते वाचलेलं नसतं.

बाकीची तोंडओळख थोडक्यात उरकू. काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी कॅप, आत दारू आणि तोंडाशी गोळी. वापरलेली पुंगळी ठाकठीक करून, नवी कॅप बसवून, मोजून दारू घालून, वर गोळी दाबायची, म्हणजे हाताने काडतूस भरणं झालं. अमेरिकेत हा घरोघरीचा छंद आहे.

त्या छंदाचं टोक म्हणजे बेंचरेस्ट ही स्पर्धा. बाकावर वाळूच्या पिशव्या, त्यावर रायफल, समोर १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर कागद. पाच गोळ्या झाडायच्या आणि त्यातल्या सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. मॅक मॅकमिलन यांनी १९७३ साली ०.००९ इंचांचा विक्रम केला आणि तो चाळीस वर्षं टिकला. ०.००९ इंच म्हणजे पाव मिलिमीटरहूनही कमी! रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर यांनी १९५० मध्ये आणलेल्या .२२२ काडतुसाचं या खेळावर बराच काळ राज्य होतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यात लू पाल्मिसानो हे डॉक्टर आणि फेरिस पिंडेल हे कारागीर, या जोडीने पीपीसी नावाची बुटकी, जाडसर पुंगळी काढली आणि ते राज्य गेलं.

.२२२ ची गोळी ०.२२४ इंच व्यासाची. लहान अंतरासाठी ५२ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमचीही नाही. या स्पर्धांसाठी जी गोळी निवडतात तिच्या टोकाला बारीक छिद्र असतं. शिकारीच्या गोळीसारखं ते फुलण्यासाठी आहे, असा अनेकांचा समज असतो. खरं कारण बुडाशी आहे. सैन्याच्या गोळीत तांब्याच्या मिश्रधातूची वाटी टोकाकडे बंद असते आणि शिसं बुडाकडे उघडं राहतं. स्पर्धेच्या गोळीत वाटी उलटी. बंद बाजू बुडाला येते, एकसंध आणि काटकोनात. जोड जो काही राहतो तो टोकाला. मॅन यांनी गोळ्या बिघडवून जे शोधलं, ते इथे घडवण्याच्या रीतीतच उतरलं आहे. शंभर यार्डांवर सपाट बुडाची गोळीच अजून राज्य करते. मागे निमुळत्या होत जाणाऱ्या गोळीला हवेचा अडथळा कमी, पण तिचा फायदा लांब पल्ल्यावर.

गोळ्या घडवण्याची हौसही जुनी. दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांचा तुटवडा पडला, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या बाजूला साचे बनवायला घेतले. .२२ रिमफायरच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, काठ सपाट करायचा, आत शिसं भरून साच्यात दाबायचं, की गोळी तयार. रॉकचक या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या शिकारीसाठी ती खपायची, म्हणून साच्याला नाव ‘रॉक चक बुलेट स्वेज’. आरसीबीएस ही नावाजलेली कंपनी ती हीच.

गोळी निवडताना वजनावर अडणारे पुष्कळ. पाहावी ती लांबी. वूलिचचे गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ मध्येच दाखवलं होतं, की गोळी जितकी लांब तितका नळीतल्या आट्यांचा पीळ घट्ट हवा. .२२२ च्या नळीत १४ इंचांत एक वेढा असतो. त्यात ८० ग्रेनची लांबुडकी गोळी घातली तर ती हवेत कोलांट्या खाते. तिला सात-आठ इंचांत एक वेढा लागतो.

आता गोळी पुंगळीत बसवणं. नळीच्या सुरुवातीला आट्यांचे कंगोरे सुरू होतात. गोळी त्यांना टेकवायची, किंचित आत रुतवायची, की थोडी मागे ठेवायची? सारी चर्चा इंचाच्या हजाराव्या भागांत चालते. मोजमापही टोकापासून घ्यायचं नाही, कारण छिद्राची कड प्रत्येक गोळीची वेगळी. गोलाई जिथे नळीच्या व्यासाला भिडते तिथून मोजायचं.

बेंचरेस्टच्या मैदानावर ही मंडळी दोन फेऱ्यांच्या मध्ये, बाकाशेजारीच काडतुसं भरतात. हातातल्या छोट्या दाबयंत्राची मूठ हळू खाली येते. गोळी पुंगळीच्या गळ्यातून सारख्या जोराने सरकली, की चेहरा खुलतो. मध्येच अडली किंवा झटक्यात गेली, तर ते काडतूस मोजणीत न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या गोळीसाठी बाजूला. मग नळीत सरकवून काढलेल्या गोळीवर कंगोऱ्यांचे ठसे भिंगातून पाहायचे. ठसा जितका रुंद तितकाच लांब, म्हणजे चौकोनी, हवा. ही तिथली पेटंट खूण. गोळी जास्त रुतवली आणि न झाडता काडतूस बाहेर ओढलं, तर गोळी नळीतच राहते आणि दारू बोल्टभर सांडते. टेकवलेल्या गोळीने आतला दाबही वाढतो. म्हणून मागे ठेवलेल्या गोळीचं दारूचं माप जसंच्या तसं उचलायचं नाही. खालून सुरुवात करून चढत जायचं.

टेकवणं म्हणजे मोक्ष, असं मात्र नाही. वेदरबी रायफलींत गोळीला कंगोऱ्यांपर्यंत बरीच मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते आणि तरी त्या नेमाला कच्च्या नाहीत. सैनिकी धर्तीच्या स्पर्धांत ७७ ग्रेनची गोळी मॅगझिनच्या लांबीत मावेल इतकी आत बसवतात. ८० ग्रेनची मॅगझिनमध्ये मावतच नाही, म्हणून ६०० यार्डांवर ती एकेक करून हाताने भरतात. सगळ्यांत नखरेल म्हणजे तीव्र, सुईसारख्या गोलाईच्या व्हीएलडी, म्हणजे ‘व्हेरी लो ड्रॅग’ गोळ्या. एका रायफलीत रुतवून भरल्या तर बरोबर चालतात, दुसरीत चांगल्या मागे ठेवल्या तरच. या गोळ्या बनवणारी बर्गर कंपनी स्वतःच वेगवेगळी खोली करून पाहायला सांगते.

आपल्याकडे परवानाधारक तयार काडतुसंच घेतो. आणि ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफलीत तर हाताने भरण्याचा प्रश्नच नाही. २०२४ साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य मिळवलं तो हाच प्रकार. त्यातलं .२२ रिमफायर काडतूस ठिणगीचं मिश्रण पुंगळीच्या काठातच घेऊन येतं. ते पुन्हा भरता येत नाही. गोळी किती आत बसवायची ते कारखान्याने ठरवलेलं असतं, नेमबाजाच्या हाती निवड तेवढी उरते. त्यासाठी इली, लापुआ यांसारख्या कंपन्यांकडे बंदिस्त बोगदे आहेत. खेळाडूची रायफल शिकंज्यात जखडायची आणि एकेका लॉटच्या गोळ्या ५० मीटरवर झाडून भोकं मोजायची. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे वागतात. शेजारच्या खेळाडूला लाभलेला लॉट आपल्या नळीला रुचेलच असं नाही. शिवाय संपलेला लॉट पुन्हा मिळत नाही, म्हणून जमलेल्या क्रमांकाच्या पेट्या पुढच्या हंगामापर्यंत पुरतील इतक्या एकदमच घेऊन ठेवतात.